पिवळं कार्ड

“सुई मी टोचून घेणार नाही,” भाऊसाहेब म्हणाले. “बाकी काय ते तू बघ.”

नौपाड्यातल्या आमच्या ऑफिसच्या माळ्यावर प्रवाशांचा मेळावा नुकताच संपला होता. खुर्च्या आवरायच्या होत्या, खालच्या हॉटेलातून आलेल्या डोशांच्या बश्या जिकडेतिकडे पडल्या होत्या. भाऊसाहेब टेंबे म्हणजे टेंबे यात्रा कंपनीचे मालक. मी त्यांच्याकडे टूर मॅनेजर. मेळाव्याला ते स्वतः कधी बसत नसत. लोकांच्या शंका ऐकून त्यांचं डोकं दुखायचं. सगळे गेले की वर यायचे, उरलेला डोसा खायचे आणि मला सूचना द्यायचे.

“तू नाही खाल्लास?” त्यांनी विचारलं.

“मी डोसा खात नाही, भाऊसाहेब.”

“हो, खरंच की. विसरलोच.” दर वेळी ते विसरायचे.

त्या दिवशीचा मेळावा त्रिनिदादचा होता. वेस्ट इंडीजच्या त्या बेटावर भारताची कसोटी होती आणि आमची कंपनी पहिल्यांदाच तिकडे ग्रुप नेत होती. माहिती सगळी मी काढलेली. व्हिसा लागत नाही, नुसता पासपोर्ट चालतो. वीज आपल्यापेक्षा निम्म्या दाबाची, चपट्या पिनांचा प्लग न्या. ऊन कडक, टोपी विसरू नका. समुद्रात दोन लाल बावट्यांच्या मधेच उतरायचं, बाहेर ओढ फार. आणि लष्करी नक्षीचे कपडे अजिबात नेऊ नका, साध्या माणसानं ते घालणं तिथं गुन्हा आहे. हे ऐकल्यावर प्रभुणेकाकांचा चेहरा पडला, कारण त्यांनी खास टूरसाठी तसली अर्धी चड्डी शिवून घेतली होती. “शिवाजी पार्कवर घालून फिरा,” काकू त्यांना म्हणाल्या, आणि सगळा माळा हसला.

आणि शेवटी पिवळ्या तापाची लस. ती सगळ्यांना.

“त्रिनिदादवाले मागतात का?” भाऊसाहेबांनी डोशाचा तुकडा मोडत विचारलं.

“आपल्याकडून जाणाऱ्याला नाही मागत. परत येताना मुंबईत मागतात. आपलेच लोक. तिकडून आलेल्या माणसाकडे लसीचं पिवळं कार्ड नसलं तर त्याला घरी सोडत नाहीत, विमानतळाजवळच्या दवाखान्यात वेगळं ठेवतात. सहा दिवसांपर्यंत.”

“आपलेच ना? मग झालं तर.” ते हसले. “जाताना अडवत नाहीत, येताना आपल्याच घरात कोण अडवतंय? तू कार्डाचं बघ.”

“टोचल्याशिवाय कार्ड देत नाहीत, भाऊसाहेब.”

“शालन, मला शिकवू नकोस. मी बद्रीनाथला बस नेत होतो तेव्हा तू परकरात होतीस. आफ्रिकेला जाणारे काय सगळे टोचून घेतात? कुणाला तरी गाठ आणि करून आण. कुणाला गाठलंस ते मला सांगू नकोस. मी एकदा सांगितलं की काम झालं, असं धरून चालतो मी.”

“बरं,” मी म्हटलं आणि बश्या गोळा करायला लागले.

सुईला हा माणूस लहान पोरासारखा घाबरायचा. मधुमेहाच्या तपासणीला गेले तेव्हा नुसती सिरिंज बघून खाली बसले होते, हे त्यांच्या बायकोनं, वहिनींनीच मला हसत हसत सांगितलं होतं. कागद मात्र त्यांना हवा तसा मिळायचा. सबंध आयुष्य त्यांनी तसंच काढलं होतं. पैसे भरून बसलेल्या माणसाला बर्थ नसली तरी टीसी बघून घ्यायचा, हॉटेलात खोल्या कमी पडल्या तरी मॅनेजर बघून घ्यायचा. आणि टीसीला नि मॅनेजरला कोण बघायचं? मी.

त्या वर्षी वैशाखात त्यांच्या एकुलत्या एका नातवाची मुंज होती. मुलगा अमेरिकेत. तो, सून आणि छोटा ईशान मुंजीसाठी म्हणून ठाण्याला यायचे होते. भाऊसाहेबांनी दोन वर्षं आधीपासून घोकत ठेवलं होतं की मातृभोजनापासून पंगतीपर्यंत सगळं आपल्या डोळ्यांसमोर व्हायला हवं, आणि गायत्रीमंत्र बटूच्या कानात बापानं नाही, आजोबांनी सांगायचा. गुरुजींनीही हो म्हटलं होतं, घरातला वडील माणूस देऊ शकतो म्हणून. टूर परत यायची गुरुवारी आणि मुंज रविवारी. वहिनी म्हणाल्या, इतक्या जवळ कशाला जाता? तर म्हणाले, “यात्रा कंपनीवाल्याला तारखा शिकवू नका. कसोटी बघतो आणि घरी येऊन नातवाच्या कानात मंत्र सांगतो. एका वर्षात दोन्ही. आणखी काय पाहिजे माणसाला?”

मला काय पाहिजे होतं ते मी सांगते. मला हा माणूस एकदा आपल्याच दाराबाहेर उभा करायचा होता. आत त्याचं माणूस असावं, आत वेळ भरत यावी, आणि याला कुणी आत सोडू नये.

नागीण डूख धरते म्हणतात. नागिणीचं मला माहीत नाही, मी धरला होता. आई म्हणायची, सोड ती नोकरी, त्या मेल्याचं तोंड बघू नकोस. ऑफिसातल्या मुलीही म्हणायच्या. मी सोडली नाही. सोडली असती तर तो माझ्या हातात कधी आला असता? वर्षानुवर्षं मी त्यांच्या चहात किती साखर ते लक्षात ठेवलं, दिवाळीला वाकून नमस्कार केला, त्यांच्या विनोदांना हसले. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असं म्हणून मला सगळे हसायचे. हसू दे म्हटलं.

कार्ड मी केलं नाही. करण्यासारखं काही नव्हतंच. खोटं कार्ड करणं गुन्हा आहे आणि मी कंडक्टरची मुलगी आहे, बिनतिकिटाचं कोणाला बसवणार नाही. लस घेतल्यावर ती लागू व्हायला दहा दिवस लागतात. त्या हिशेबानं लस घ्यायची शेवटची तारीख उलटली त्या सकाळी मी ऑफिसातल्या गणपतीला जास्वंदीचं फूल वाहिलं. त्याच दिवशी भाऊसाहेबांनी केबिनमधून हाक मारली.

“शालन, माझं सगळं झालं ना?”

“तुमचे कागद माझ्याच बॅगेत आहेत, भाऊसाहेब.”

होतेच. पासपोर्ट, तिकीट, विमा. खोटं मी एकही बोलले नाही, हे लक्षात ठेवा.

मी त्यांना हाताला धरून लस द्यायला नेऊ शकले असते. वहिनींना एक शब्द सांगितला असता तर वहिनींनी नेलं असतं. एक वाक्य होतं सगळं मिळून. ते मी पोटात ठेवलं.

लंडनमार्गे आम्ही पोर्ट ऑफ स्पेनला उतरलो. देश सुरेख आहे, खोटं कशाला बोलू? रस्त्याच्या कडेला आंबे, फणस, अगदी आपल्या कोकणासारखे, आणि लोक बोलायला मोकळे. आमच्या बसचा ड्रायव्हर दिओ नावाचा होता, चार पिढ्यांपूर्वी त्याचे लोक उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून गेलेले. हिंदी त्याला येत नव्हती, पण आजोबाला तो आजा म्हणायचा आणि आजीला आजी. ते ऐकून प्रभुणेकाकूंच्या डोळ्यांत पाणीच आलं. सकाळी तो आम्हाला नाक्यावर डबल्स खायला न्यायचा. दोन मऊ वड्यांत चण्याची उसळ आणि वर जळजळीत मिरचीचा सॉस. भाऊसाहेब एका बैठकीला पाच खायचे. क्रिकेटच्या मैदानावर तर ते तरुण झाले होते. तिथल्या लोकांबरोबर ढोल काय वाजवत होते, नाचत काय होते. मी त्यांचे फोटो काढले.

“शालन, तू नसतीस तर ही टूर झाली नसती,” एका संध्याकाळी ते सगळ्यांसमोर म्हणाले.

“हो, भाऊसाहेब,” मी म्हटलं.

घरी निघायच्या आदल्या दिवशी आम्ही मराकसच्या समुद्रावर गेलो होतो. प्रभुणेकाका गुडघाभर पाण्यात उभे होते आणि काकू छत्रीखाली माझ्या शेजारी बसून पर्स आवरत होत्या. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून पिवळं कार्ड काढलं, उन्हात धरून बघितलं आणि परत ठेवलं.

“जिवापाड जपतेय बाई,” त्या म्हणाल्या. “तूच घाबरवलंस ना, हे हरवलं तर घर दिसायचं नाही म्हणून. दंड किती सुजला होता माझा त्या दिवशी. भाऊसाहेब, तुमचा नाही का दुखला?”

भाऊसाहेब पलीकडे नारळपाणी पीत बसले होते. त्यांनी मला डोळा घातला, म्हणजे आपलं गुपित.

“आमचं वेगळं असतं, काकू,” ते म्हणाले. “मालकांना शालन टोचू देत नाही. काय गं शालन, माझं कार्ड तुझ्याकडेच ना?”

अजूनही मला तो क्षण नीट आठवतो. त्यांच्या हातावर वाळू लागली होती, टोपी मागे सरकवलेली, चेहरा उन्हानं लाल आणि खुशीत. इतक्या खुशीत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. आणि त्या क्षणी सांगूनही काही उपयोग नव्हता, वेळ कधीच टळून गेली होती. सांगितलं असतं तर फक्त त्यांचा तो एक दिवस नासला असता.

“मुंबईला उतरल्यावर बघू या, भाऊसाहेब,” मी म्हटलं. “आज मजा करा.”

“बघा,” ते काकूंना म्हणाले. “ही असते तेव्हा मी डोकं घरी ठेवून येतो.”

काकू हसल्या. मी उठून पाण्याकडे गेले, कारण मला राग आवरत नव्हता. या माणसानं असंच मलाही एकदा खुशीत ठेवलं होतं.

ते आता सांगायला हवं.

माझे आबा एसटीत कंडक्टर होते, मुरबाड डेपोला. मी टूरवर परदेशी जाते याचा त्यांना इतका अभिमान की स्टँडवर अनोळखी माणसालाही धरून सांगायचे, आमची शालन बँकॉकला गेलीय. घरी फोन नव्हता. निघायच्या आधी मी कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात फोन करायची, वाण्याचा पोऱ्या आबांना बोलवायचा, आणि आबा एवढंच विचारायचे, “परत कधी?” मी दिवस सांगायची. त्या दिवशी ते ठाण्याला स्टँडवर येऊन उभे राहायचे. बॅग त्यांनाच उचलायची असायची.

सिंगापूरच्या एका पंधरा दिवसांच्या टूरला निघायच्या दिवशी दुपारी मी भाऊसाहेबांना म्हटलं, घरी एक फोन करते. तर म्हणाले, “लाइन मोकळी ठेव, एअरलाइनचा फोन यायचाय. परतीचा दिवस मी कळवतो तुझ्या घरी.” मी प्रवाशांचे टॅग बांधत बसले. संध्याकाळी ते स्वतः गाडीनं मला विमानतळावर सोडायला आले. असं कधी करत नसत. वाटेत गंमतीजमती सांगत होते, माझ्या कामाचं कौतुक करत होते. मी मनात म्हटलं, आज साहेब खूश आहेत.

मी परत आले तेव्हाही तेच आले होते न्यायला. प्रवासी मार्गी लावले, सामान मोजलं. मी म्हटलं, स्टँडवर आबा वाट बघत असतील. ते म्हणाले, “चल, आधी काहीतरी खाऊ.” वाटेत एका हॉटेलात त्यांनी माझ्यासाठी डोसा मागवला. मी विचारलं, काही झालंय का? म्हणाले, “आधी जेवून घे, मग सांगतो.” मला वाटलं, पगारवाढ असेल. मी सगळा डोसा खाल्ला. चटणी परत मागून घेतली. ते समोर बसून बघत होते.

मग त्यांनी सांगितलं.

मी निघाले त्याच दिवशी दुपारी सिव्हिलमधून आईचा फोन आला होता, तो त्यांनी केबिनमध्ये घेतला, मी बाहेर टॅग बांधत होते त्याच वेळी. आबांना छातीत कळ आलीय, सिव्हिलला आणलंय, शालन शालन करतायत, तिला पाठवा. सिव्हिल म्हणजे ठाण्याचं सिव्हिल. आमच्या ऑफिसपासून रिक्षानं जाण्यासारखं. आबांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट बघितली. मी सिंगापूरच्या पक्षी उद्यानात प्रवाशांना पोपटांचे खेळ दाखवत होते. मी आले तेव्हा दहावासुद्धा होऊन गेला होता.

“मला सांगितलं का नाही?” मी विचारलं. माझ्या हाताला अजून चटणी होती.

“सांगितलं असतं तर तू गेली असतीस,” भाऊसाहेब म्हणाले. अगदी समजावून सांगितल्यासारखं, न चिडता. “चाळीस माणसं कुणी नेली असती? तू समजूतदार आहेस, शालन. दोन आठवडे पगारी रजा घे.”

त्या दिवसानंतर मी डोसा खाल्ला नाही. आणि भाऊसाहेब दर मेळाव्याला मला विचारायचे, तू नाही खाल्लास? त्यांच्या लक्षातसुद्धा नव्हतं.

गुरुवारी मुंबईत उतरलो. त्रिनिदादहून आलेल्या आमच्या ग्रुपची रांग आरोग्य खात्याच्या काउंटरपुढे लागली. प्रत्येकानं आपापलं पिवळं कार्ड पुढे केलं, तिथल्या बाईंनी बघितलं, परत दिलं. प्रभुणेकाकूंनी तर कार्ड दोन्ही हातांनी प्रसादासारखं दिलं. भाऊसाहेब माझ्या मागे होते. मी माझं कार्ड दाखवलं आणि बाजूला झाले.

“यांचं?” बाईंनी विचारलं.

भाऊसाहेबांनी माझ्याकडे हात पसरला. मी बॅग उघडली. पासपोर्ट दिला, विमा दिला.

“कार्ड,” ते म्हणाले.

“कार्ड नाही, भाऊसाहेब.”

“नाही म्हणजे? हॉटेलात राहिलं?”

“केलंच नाही.”

ते हसले. मग त्यांना कळलं की मी हसत नाहीये. रांग मागे थांबली होती. त्यांनी बाईंकडे वळून आवाज बदलला, गोड केला, मी कोण आहे, माझी केवढी कंपनी आहे, वरती अमुक साहेब माझे मित्र आहेत. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “काका, ताप आलाय का बघू. नसेल तरी सहा दिवस पुरे होईपर्यंत सोडता येणार नाही. तिकडून निघालात तेव्हापासून मोजू. सोमवारी-मंगळवारी जाल घरी.”

“रविवारी माझ्या नातवाची मुंज आहे.”

“मी काय करू, काका? हा ताप डासांनी पसरतो, आणि डासाला मुंज कळत नाही.”

त्यांनी माझा दंड घट्ट धरला. “शालन. कर काहीतरी. कुणाला तरी गाठ.”

“गाठण्यासारखं कोणी नाही, भाऊसाहेब,” मी म्हटलं. “मी प्रवासी मार्गी लावून येते.”

बाहेर दाराशी वहिनी, मुलगा, सून आणि छोटा ईशान हार घेऊन उभे होते. काचेतून ते आम्हाला दिसत होते. ईशान काचेला नाक लावून आत बघत होता, आजोबा दिसतात का. भाऊसाहेबांना दुसऱ्या दारानं नेलं. त्यांनी काचेच्या बाजूला हात हलवला, पण ईशानचं तिकडे लक्ष नव्हतं. मी बघत उभी राहिले. मला सगळं बघायचं होतं.

तीन दिवस त्यांनी फोनवर सगळ्या ओळखी वापरून बघितल्या. कशाचा काही उपयोग झाला नाही. रविवारी सकाळी त्यांनी मला फोन केला. “तू जा मुंजीला. माझ्या जागी उभी राहा. आणि मग इथं येऊन सगळं सांग. घरच्यांनी सांगितलं की मला कळत नाही, ते रडतातच.”

“येते,” मी म्हटलं.

मुंज छान झाली. वहिनींनी डोळे पुसत पुसत डबा भरून दिला. दुपारी मी विमानतळाजवळच्या त्या दवाखान्यात गेले. खोलीच्या दाराला बारीक जाळी होती, डास आत-बाहेर जाऊ नये म्हणून, आणि आत लोखंडी कॉटवर भाऊसाहेब झब्बा घालून बसले होते. मुंजीसाठी शिवलेला, सोनेरी काठाचा. दाढी केलेली. परिचारिकेनं डबा आत नेऊन दिला. मी जाळीबाहेर बाकावर बसले.

“झाली?” त्यांनी विचारलं.

“झाली.”

“मुहूर्तावर?”

“आधी जेवून घ्या, भाऊसाहेब, मग सांगते.”

त्यांनी डबा उघडला. मसालेभात, अळूची भाजी, जिलबी. भूक लागली असावी, भराभर जेवले. मी बघत बसले. शेवटची जिलबी खाऊन त्यांनी बोटं पुसली.

“सांग आता.”

मी सांगितलं, काही गाळलं नाही. अंतरपाट धरला तेव्हा ईशान सारखा दाराकडे बघत होता. आजोबा येणार का, असं त्यानं गुरुजींनाही विचारलं. मंत्र त्याच्या बापानं सांगितला. बापाला नीट पाठ नव्हता, गुरुजी मागून सांगत होते. सगळं पाचेक मिनिटांत आटपलं. भिक्षावळीत पहिली मूठ वहिनींनी घातली. भाऊसाहेबांची खुर्ची समोर ठेवली होती, तिच्यावर शेवटी कुणीतरी शालींचा ढीग टाकला.

ते रडायला लागले. म्हातारा माणूस रडतो तेव्हा बघवत नाही. मी बघितलं.

“कार्ड होत नाही हे तुला कधी कळलं?” त्यांनी डोळे पुसत विचारलं.

“तुम्ही सांगितलंत त्याच दिवशी. टोचल्याशिवाय देत नाहीत, असं मी म्हटलंही होतं.”

“मग नंतर का नाही बोललीस? कितीतरी दिवस हातात होते.”

“सांगितलं असतं तर तुम्ही लस घेतली असतीत,” मी म्हटलं.

त्यांना कळलं नाही. भुवया चढवून माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर रिकाम्या डब्यावर गेली, तिथून परत माझ्याकडे आली. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. डबा त्यांनी हळूच लांब सरकवला, गरम लागल्यासारखा.

“तुझे वडील,” ते म्हणाले.

“गोविंद देसले. तुम्ही नाव कधी विचारलं नव्हतंत.”

“त्याचा सूड काढलास? माझ्याकडे राहून, माझं मीठ खाऊन?”

“हो.”

“मी काही त्यांना मारलं नव्हतं, शालन.”

“मीही ईशानची मुंज मोडली नाही. तुमच्याशिवाय झाली, एवढंच.”

जाळीपलीकडून विमानाचा आवाज येत होता. मग त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस.”

“राजीनामा तुमच्या टेबलावर ठेवलाय सकाळीच. किल्ल्या वहिनींकडे दिल्यात. डबा धुऊन पाठवते.”

परिचारिकेकडून डबा घेतला आणि मी निघाले. त्यांनी मागून एकदा हाक मारली. मी थांबले नाही.

नंतर त्यांनी मला दोनदा निरोप धाडले, एकदा वहिनीही घरी येऊन गेल्या. मला माफी मागायची नव्हती आणि ऐकायचीही नव्हती. आज मी माझी छोटी कंपनी चालवते, त्रिनिदादला दर वर्षी एक ग्रुप नेते, आणि लसीचं प्रत्येकाला तीनदा सांगते. कुणाच्या घरून कसलाही फोन आला तर त्याच मिनिटाला त्या माणसाला गाठते, मग तो समुद्रात असो नाही तर झोपेत.

त्या रविवारी मी ठाण्याला उतरले आणि सिव्हिलसमोरच्या उडप्याकडे गेले. एकटीच बसले, सिव्हिलचं फाटक दिसेल अशा टेबलाशी. डोसा मागवला. पोऱ्यानं चटणी आणखी आणून ठेवली. मी सगळा डोसा खाल्ला, हात धुतले, परत येऊन बसले.

जेवून झाल्यावर मला कुणी काहीही सांगितलं नाही.